लेकीच्या सासरी गेलेले शिंपले

आमच्या घरात अंडी कधी विकत आणत नाहीत. माझ्या धाकट्या दिराची सिन्नरच्या बाजूला पोल्ट्री आहे आणि दर आठवड्याला तिथून एक ट्रे नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटवर येतोच. पांढरीशुभ्र, टणक कवचाची अंडी. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस बाई. मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर तो ट्रे दारात दिसला की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते सांगायचं तर आधी आमच्या खाडीत उतरावं लागेल.

माझं माहेर कोकणात, एका खाडीच्या काठाला. वडील लवकर गेले आणि आईनं मला कालवांवर वाढवलं. कालव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शिंपल्यात राहणारा मऊ जीव, पण तिसऱ्यांसारखा वाळूत लोळणारा नव्हे. कालव एका जागी चिकटून बसतं. पिल्लू असताना ते पाण्याबरोबर फिरत असतं, डोळ्याला दिसतही नाही. मग कुठेतरी टणक जागा बघून एकदा बसलं की मरेपर्यंत तिथून हलत नाही. आणि चिखलात पडलं तर गुदमरून मरतं. म्हणजे कालवाचं सगळं नशीब तळाला काय आहे त्यावर.

आमच्या खाडीचा तळ चिखलाचाच. पण गावाच्या खाली, ओहोटी लागली की पाण्यातून एक लांबच लांब पट्टा वर यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं खडक आहे. खडक कुठला, पिढ्यान् पिढ्यांच्या मेलेल्या कालवांचे शिंपले एकमेकांवर रचून, चिकटून झालेला थर होता तो. त्याच्यावर चालताना पायाखाली करकर वाजायचं. जिवंत कालवं बसायची ती या मेलेल्यांच्या पाठीवर. पावसाळ्यानंतर जुना शिंपला उचलून बघितला तर त्यावर साबुदाण्याएवढी नवी कालवं दाटीवाटीनं बसलेली असायची.

वाडीतल्या प्रत्येक घराचा त्या पट्ट्यावर ठरलेला तुकडा होता. कागदबिगद काही नाही, सासूनं सुनेला दाखवायचा आणि सुनेनं पुढच्या सुनेला. बायका आकडीनं शिंपला उघडून आतलं कालव तेवढं काढत आणि शिंपला तिथंच सोडत. सणासुदीला कोणी अख्खी कालवं घरी आणलीच, तर खाऊन झाल्यावर शिंपले टोपलीत भरून पुढच्या ओहोटीला परत नेऊन टाकायचे. हे काम माझं असे. एकदा कंटाळा करून मी टोपली परसातल्या खड्ड्यात ओतली. आईनं तेच शिंपले मला एकेक करून वेचायला लावले. म्हणाली, घरं मोडून फेकलीस तर त्यांच्या पोरांनी बसायचं कुठं.

माझा नवरा मूळचा नाशिकचा, शेतकऱ्याच्या घरातला. लग्नाच्या वेळी आमच्याकडच्या एका कारखान्यात होता, पुढे नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत नोकरी लागली आणि मी घाट चढून नाशिककर झाले. सासरी माझं कौतुकच झालं, तक्रारीला जागा नाही. कालवांचं कौतुक मात्र कोणी केलं नाही. मी पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या की हे शेंबडासारखं दिसतंय, तुझं तू खा. मी खाल्लं, डबाभर एकटीनं.

आता आईचा स्वभाव सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लेकीच्या सासरच्या माणसांनी काही मागितलं आणि आईनं नाही म्हटलं, असं तिच्या जन्मात झालं नाही. मागायचीही गरज नव्हती, नुसतं चांगलं म्हटलं तरी पुरे. सासऱ्यांनी एकदा आमच्या घरातल्या फणसाच्या लाकडाच्या पाटाची तारीफ केली, तर तो पाट त्यांच्याबरोबर एसटीत बसून नाशिकला आला. आमच्याकडे सगळ्याच लेकींच्या आया अशा. आपली मुलगी त्यांच्या घरात आहे, त्यांचं मन मोडायचं नाही. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. पण म्हणणारेही लेकीच्या सासरच्यांपुढे मान खालीच घालतात.

एका शिमग्याला नवरा आणि दीर माझ्या माहेरी आले. दिराची पोल्ट्री तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि त्याच्या मागे एक विघ्न लागलं होतं. अंड्यांची कवचं पातळ येत होती. गाडीनं बाजारात पोचेपर्यंत ट्रेमधल्या निम्म्या अंड्यांचा लगदाच व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा घाला. आणि हा माणूस ओहोटीच्या वेळी आमच्या खाडीच्या काठावर जाऊन उभा राहिला. समोर हे एवढं शिंपल्यांचं रान. त्यानं आईला विचारलं, मावशी, हे असंच पडून हाये का?

मी घरात वडे तळत होते. मला हे सगळं नंतर कळलं. आई त्याला म्हणाली की पडून नाही तर काय, तुम्हाला हवेत तर न्या. पैशाचं त्यानं विचारलं, तेव्हा लेकीच्या सासरच्यांकडून पैसे घेऊ काय म्हणून तिलाच राग आला. आठवड्याभरात टेम्पो आला. आईनं आपल्या तुकड्याच्या कडेचे सुटे शिंपले भरून दिले, वर कोकमं आणि दोन फणस.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे सांगत बसले नसते. त्या चुऱ्यानं दिराची अंडी टणक झाली. त्यानं मोठ्या मनानं ते आपल्या पोल्ट्रीवाल्या मित्रांना सांगितलं. मित्र आले. ते काय सांगणार, तर तुमच्या जावयाच्या भावाच्या ओळखीनं आलो. आता त्यांना नाही म्हणणं म्हणजे दिरालाच नाही म्हणणं. आईनं त्यांनाही दिले. मग वाडीतल्या बाकीच्या बायकांनी बघितलं की तिच्या दारात गाड्या लागतात, तर आपणच का मागे राहायचं म्हणून त्यांनीही आपापले तुकडे मोकळे केले. सुरुवातीला टोपल्या होत्या, शेवटी ओहोटीला पोकलेन उतरला. थर खरवडून खालचा निळा चिखल उघडा पडला. हे सगळं होताना आई मला फोनवर सांगायची की बरं चाललंय गो, पाऊस बरा आहे, तुझ्या नवऱ्याला विचारलं म्हणून सांग.

मला कळलं ते असं. एका दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते. मी न सांगताही आई कालवांचं सुकं करणार हे ठरलेलं. सकाळी मी मागल्या दारी दात घासत होते आणि पुढच्या दारी कोणीतरी अनोळखी बाई पाटी उतरवत होती. मी कोपऱ्यावरून बघितलं. आईनं तिच्याकडून पिशवीभर कालवं घेतली आणि कनवटीचे पैसे काढून दिले.

आईनं कालवं विकत घेतली. ज्यांनी खाडी बघितली नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. मला पायाखालची जमीन हलल्यासारखं झालं. जिच्या कालवांसाठी तालुक्याच्या बाजारात लोक थांबून राहायचे, ती दुसऱ्या खाडीची कालवं विकत घेऊन मला घालत होती. आणि मला कळू नये म्हणून सकाळी उठून मधलं दार लावून घेत होती.

मी तशीच खाडीवर गेले. ओहोटी होती. पट्ट्याच्या जागी सपाट, ओला, चकचकीत चिखल होता. कडेला कुठेकुठे शिंपल्यांची बेटं उरली होती, त्यांनाही गाळानं निम्मं गिळलं होतं. एक शिंपला उपसून उलटा करून बघितला. वर एकही साबुदाणा नव्हता. घरी येऊन मी आईवर इतकी ओरडले की शेजारची माणसं दारात आली. ती भाकरी थापत राहिली. म्हणाली की सुटे शिंपले होते, मला वाटलं, परत होतील. जेवढे शिंपले नेले तेवढी नवी कालवं मरतातच की दर साली. तिचा हिशेब चुकला होता. नवी मरायला आधी बसावी लागतात, आणि बसायला काही उरलं नव्हतं.

नाशिकला परतले ती पेटूनच. तो राग आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, मुरत राहिला; त्या दिवशी सगळे मळ्यात जमलो होतो. पुरणपोळी, आमरस, हसणं खिदळणं चाललेलं, आणि मी दिराला पंगतीतच धरलं. तोंडाला येईल ते बोलले. नवरा डोळ्यांनी खुणावत होता, मी बघितलंच नाही. दीर हातातला घास खाली ठेवून ऐकत राहिला. तो वाईट माणूस नाही, तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर सोपं झालं असतं.

तो म्हणाला, "वहिनी, मला कोणी एका शब्दानं बोललं नाय. मावशी नको म्हटली असती तर मी हात लावला असता का?"

मी वाढायचं भांडं तिथंच ठेवून उठले. 

त्याच्या मनाला मात्र ते लागलं. काही दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला, तो नाशिकमधल्याच द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला होता आणि त्याच्या पुढे एक भरलेला ट्रक होता. म्हणाला, वहिनी, मावशीचे शिंपले परत पाठवतोय. मी धावत गच्चीत गेले, जणू काही तिथून मला द्वारका दिसणार होती. मग विचारलं की कसले शिंपले. तर ते खाद्याच्या गिरणीतले. दळलेले, तुरीच्या डाळीएवढे तुकडे, गोण्यांमध्ये शिवलेले. त्याच्या लेखी शिंपला तो शिंपला, वजनाला वजन. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बिचारा एवढ्या आनंदात होता.

आईनं त्या ट्रकचं स्वागत केलं. ड्रायव्हरला जेवू घातलं, नारळ फोडला, माणसं लावून, शिंपले जिथून गेले त्याच जागी गोण्या ओतून घेतल्या. वरातीमागून घोडं कसलं, घोड्याचं पीठ आलं होतं. कालवाच्या पिल्लाला स्थिर जागा लागते. डाळीएवढा तुकडा भरतीबरोबर इकडून तिकडे लोळतो, त्यावर कोण बसणार? एका पावसात सगळा चुरा चिखलात गडप झाला. आईनं दिराला फोन करून सांगितलं की छान झालं, तुमचे उपकार झाले. मी तेव्हा दिराच्या शेजारीच होते, ते फोनवरचं बोलणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

तरीही ती खाडीवर जायची. माझं सगळं लक्ष आता एकाच गोष्टीवर होतं, आई तिच्या घरात राहते की नाही. कारण ती सारखी म्हणायची, हातपाय चालतात आणि खाडीत काहीतरी मिळतं तोवर मी लेकीच्या दारात यायची नाही. जुन्या वळणाची बाई, लेकीच्या घरी पाणी प्यायलाही संकोच. मी दर रविवारी फोनवर विचारायचे, आज काही मिळालं का. मिळालं मूठभर, म्हणायची. मूठभर म्हणजे काय ते मला कळायचं.

मग एका हिवाळ्यात ती उरलेल्या बेटांपैकी एकावर जायला निघाली. जुनी वाट, लहानपणापासून पायाखालची, डोळे मिटून चालावं अशी. पण ती वाट शिंपल्यांची होती आणि शिंपले नव्हते. कमरेपर्यंत चिखलात रुतली. भरती लागली होती. वाडीतल्या दोघांनी होडीची फळी टाकून तिला ओढून काढलं. गुडघा मुरगळला तो कायमचा. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा नवरा अंबडला ड्युटीवर होता. तो तसाच निघाला, दिरानं गाडी काढली, आणि दोघे जाऊन आईला घेऊन आले. दिरानं तिला आमच्या जिन्यावरून हातांवर उचलून वर आणलं. ती तोंड झाकून घेऊन रडत होती. दुखतंय म्हणून रडते असं त्याला वाटलं.

चार दिवसांसाठी आलेली आई आता इथंच आहे. येताना तिनं स्वतःचा तांब्या आणला, पाणी त्यातूनच पिते. म्हणजे लेकीच्या घरचं पाणी प्यायल्यासारखं होत नाही, असं तिनं ठरवलंय. नळ माझाच, पण मी वाद घालत नाही. तिचा दिवस गच्चीत जातो. एकदा तिला बरं वाटावं म्हणून गोदाघाटावर नेलं. पाणी कमी होतं, खालचं सिमेंट दिसत होतं. बराच वेळ वाकून बघत होती. मग विचारलं, "खाली शिमीट कोनी केलान? हितले शिंपले मग ऱ्हातात कुठं?" मी म्हटलं, मला काय माहीत. बाजूचा प्रसादवाला हसला. मला इतका राग आला की त्याच्याकडचा नारळ घेतलाच नाही, पुढच्या दुकानातून घेतला.

आणि आठवड्याला अंड्यांचा ट्रे. आई आल्यापासून दीर स्वतः घेऊन येतो. तिच्याजवळ बसतो, गुडघ्याचं विचारतो. ती त्याला दादा म्हणते. तो गेला की एक अंडं घेऊन तव्याच्या काठावर आपटते. पहिल्या फटक्यात फुटत नाही. एकदा मला म्हणाली, "बग गो, कवच कसं हाय. जुन्या कालवासारखं." रागानं नाही, कौतुकानं. मी आत जाऊन तोंड धुतलं.

परवा मी ठरवलं, पुरे झालं. आईच्या घरावर झाड पडलं होतं, ते बघायला आणि घर बंद करून किल्ली शेजारी द्यायला मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. दीर ट्रे घेऊन दारात उभा राहिला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं की आता नकोत, यापुढे आणू नका. तो गोंधळला. एकदा ट्रेकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात मागून आई भिंतीला धरत धरत आली आणि तिनं दोन्ही हात पुढे करून ट्रे घेतला.

"लेकीच्या सासरचं परत पाठवू नये," ती मला म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले. रात्रीचा स्वयंपाक आदळआपट करत केला. सकाळी मी बॅग भरत असताना तिनं गच्चीतून एक कापडी पिशवी आणून माझ्या हातात दिली. फुगलेली आणि हलकी. आत अंड्यांची कवचं होती. इतक्या महिन्यांची, धुतलेली, उन्हात वाळवलेली. मला वाटत होतं ती कचऱ्यात जातात.

"खाडीत टाक," ती म्हणाली. "आपल्या जागी."

"आई, ह्याच्यावर कालव बसायचं नाही गं."

"ठावं हाय मला. तरी ने. आपलीच हायत ती, हितं कचऱ्यात कशी टाकू?"

मी नेली. घर बघितलं, किल्ली दिली आणि भरतीच्या वेळी धक्क्याच्या पायरीवर जाऊन पिशवी पाण्यात उलटी केली. कवचं बुडाली नाहीत. होड्यांसारखी पांढरी पांढरी तरंगत राहिली, मग लाटेनं हळूहळू काठाला आली आणि पायरीशी, माझ्या चपलांपाशी गोळा झाली. मी हातानं लोटली. ती परत आली.

फोन वाजला. आईच होती.

"टाकलीस गो?"

"टाकली."

"बुडाली?"

मी पायाशी बघितलं. मग म्हटलं, हो आई, बुडाली.